कंटाळ्याचे शनिवार

"हसा."

त्याने माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द. या-बसा नाही, कोण-कुठल्या नाही... मी दार ढकलून आत पाऊल टाकते न टाकते तोच पांढऱ्या एप्रनातल्या एका मुलाने मला हाताच्या इशाऱ्यानेच खिडकीपाशी नेलं, उजेडाकडे तोंड करून उभं केलं आणि फर्मान सोडलं — हसा.

"का?" मी विचारलं.

"हसल्याशिवाय दिसणार कसे?"

"काय दिसणार?"

"दात."

आता मला सांगा, अनोळखी माणसाने असं सांगितल्यावर कुणाला हसू येईल? मला आलं. फिसकन आलं. आणि लहानपणापासूनच्या सवयीने माझा हात तोंडावर गेला, कारण माझा वरचा डावा सुळा कुणाचंच ऐकत नाही, रांग सोडून आपला पुढे उभा असतो.

"हात खाली," तो म्हणाला.

मी हात खाली घेतला. घरात चारदा सांगितल्याशिवाय ताटावर न बसणारी मी, एका शब्दात हात खाली घेतला.

त्याच्या हातात खोट्या दातांची एक पट्टी होती. पिवळसर, करडे, दुधट अशा नाना छटांचे दात तिच्यावर ओळीने लावलेले. एकेक दात माझ्या दाताशेजारी धरून, डोळे बारीक करून तो पुटपुटत होता, "हा नाही... हा जवळपास आहे... जरा वर बघा..." त्याच्या पापण्यांवर पांढरी भुकटी बसली होती. तो बघत होता फक्त दातांकडे. मी मात्र बघणार कुठे? समोर त्याचे डोळेच होते.

"कुठला बसवायचाय?" त्याने विचारलं.

"काय कुठला?"

"दात हो. डॉक्टरांनी पाठवलंय ना वरून?"

"नाही... मला कॉलेजने पाठवलंय. कंटाळा यावा म्हणून."

पट्टी त्याच्या हातून सुटून खाली पडली. आतल्या टेबलावरून एक म्हातारा आवाज खो खो हसायला लागला. ते त्याचे काका होते. ही दात बनवायची लॅब त्यांचीच. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर बसतात. नवा दात करायचा तर त्याचा रंग बाकीच्या दातांशी जुळायला हवा, आणि तो दिवसाच्या उजेडात जुळवायचा तर या लॅबच्या खिडकीसारखी खिडकी नाही. म्हणून डॉक्टर पेशंटला खाली पाठवतात आणि पेशंट खिडकीत उभं राहून हसतात. मलाही तो असाच कुणी पेशंट समजला होता.

तो कानापर्यंत लाल झाला. "सॉरी... म्हणजे, मला वाटलं..."

"मग? कुठला रंग निघाला माझा?" मी विचारलं.

"तुमचा रंग या पट्टीत नाहीये," तो पट्टी पुसत म्हणाला. आणि मग जीभ चावून म्हणाला, "म्हणजे दातांचा."

कंटाळा यावा म्हणून कुणी मुलीला पाठवतं का, असं तुम्हाला वाटलं असेल. आमच्या कॉलेजात पाठवतात. आमच्याकडे करिअर मार्गदर्शनाची एक खोली आहे. पूर्वी तिथे फाटके नेट आणि हवा गेलेले फुटबॉल ठेवत. आता तिथे एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक मॅडम आहेत. मुलं त्यांना 'होकायंत्र' म्हणतात, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

होकायंत्र चाचण्या घेत नाहीत. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतेस, असले प्रश्नही विचारत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की, माणूस कामाच्या चांगल्या दिवसावर भाळतो. वकिलाचा युक्तिवाद, वैमानिकाचा गणवेश, बातमी छापून येते तो दिवस. पण पोट भरायचं असतं ते बाकीच्या, रटाळ दिवसांवर. म्हणून आयुष्याचं ठरवण्याआधी ज्याने-त्याने आपल्या मनातल्या कामाचा एक कंटाळ्याचा दिवस बघून यायचा. कोर्टात नाही, फायलींच्या खोलीत. विमानात नाही, हँगरमध्ये. परत आल्यावर त्या एकच गोष्ट विचारतात — घड्याळ बघितलंस का?

मी बघितलं होतं. बँकेत बघितलं, रोपवाटिकेत बघितलं, एका छापखान्यात मुद्रितं तपासताना तर घड्याळ बंद पडलंय की काय म्हणून खात्री करून आले. शेवटचं वर्ष संपत आलं होतं. वर्गातल्या सगळ्यांचं काही ना काही ठरलं होतं आणि मी आपली अधांतरी. रात्री अंथरुणावर पडलं की वाटायचं... आपल्याला काहीच आवडत नाही की काय? आपल्यातच काही खोट आहे की काय?

"हाताने करायचं काम बघ एकदा," मॅडम म्हणाल्या होत्या आणि या लॅबचा पत्ता दिला होता.

तर मी तिथे राहिले. त्याने मला एक स्टूल दिलं, एक चाकू दिला आणि प्लास्टरचे जबडे दिले. पेशंटच्या तोंडाचे ठसे घेतात, त्यात प्लास्टर ओतून जबडा काढतात आणि त्या जबड्यावर मापाने दात बनवतात. जबड्याच्या कडा तासायचं काम माझ्याकडे आलं.

"सांभाळून. दाताला चाकू लागला तर माणूस बदलेल," तो म्हणाला.

"तुम्ही माणसाला दातावरून ओळखता?"

"चेहरा एखादे वेळी विसरतो."

"आणि नाव?"

"नाव विचारतच नाही. आता तुम्हीही माझ्या लेखी 'डावा सुळा'च."

"मग तुम्ही माझ्या लेखी दंतोपंत," मी म्हणाले. काका पुन्हा खो खो हसले आणि त्या दिवसापासून त्याला तेही दंतोपंतच म्हणायला लागले.

संध्याकाळी मॅडमनी विचारलं, "घड्याळ बघितलंस?"

मी आठवून बघितलं. भिंतीवर घड्याळ होतं की नव्हतं, तेच मला सांगता येईना.

मॅडमच्या भुवया वर गेल्या. "अजून जाऊन बघ मग," एवढंच त्या म्हणाल्या.

आणि माझे शनिवार सुरू झाले.

लॅबमध्ये मेणाचा, उकळत्या पाण्याचा आणि एका झोंबऱ्या गुलाबी रसायनाचा वास असे. पॉलिशचं चाक घूं घूं करत असे. दंतोपंत मेणाचा दात कोरायला बसला की त्याची जीभ किंचित बाहेर यायची, शाळेतल्या मुलाची चित्र काढताना येते तशी. मी जबडे तासता तासता ते बघायची. तो मान वर करायचा... मी चटकन जबड्यात डोकं घालायची.

"पांढराशुभ्र दात का नाही करत?" मी एकदा विचारलं.

"पांढराशुभ्र दात खोटा दिसतो. खऱ्या दाताला डाग असतो, रेघ असते, कुठे जरासा कोपरा झिजलेला असतो. ते सगळं मी मुद्दाम घालतो."

"म्हणजे दोष विकता!"

"हो. आणि लोक खूश होऊन घेतात." मग हळूच म्हणाला, "तुमचा सुळा कुणी सरळ करा म्हणालं, तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी भांडेन."

त्या दिवशी मी घरी जाताना रस्त्यात एकटीच हसत होते. आणि तोंडावर हात नव्हता.

एका शनिवारी दुपारी आभाळ भरून आलं. वरून एक बाई रंग जुळवायला आल्या होत्या. दंतोपंतने खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, "ढगाळ उजेडात दात निळसर दिसतात. ऊन पडेपर्यंत थांबावं लागेल." बाई वैतागून वर जाऊन बसल्या. काका जेवायला गेले होते. राहिलो आम्ही दोघंच. बाहेर पाऊस पत्र्यावर तडतडत होता. आम्ही खिडकीच्या दोन कडांना दोघं उभे, उन्हाची वाट बघत...

"तुम्हाला कंटाळा नाही येत?" त्याने विचारलं.

"कशाचा?"

"इथला. तुम्ही त्यासाठीच आलात ना?"

"अजून तरी नाही आला. प्रयत्न चालू आहेत."

तो हसला. माझ्या केसांत प्लास्टरचा एक खडा अडकला होता. त्याने हात पुढे केला... थांबला... "काढू?" म्हणाला. मी मान हलवली. खडा काढताना त्याची बोटं माझ्या कानाला जेमतेम लागली असतील. पण दिवसभर नखाएवढ्या गोष्टी कोरणाऱ्या त्या हातून तो खडा दोनदा निसटला, हे मी बघितलं.

"तू..." तो म्हणाला आणि एकदम गडबडला. "म्हणजे, तुम्ही..."

"तूच बरं आहे," मी म्हणाले.

ऊन पडलं होतं. आमच्या दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. बाईंनी वरून हाक मारली तेव्हा कळलं.

लॅबमध्ये येणाऱ्या एका आजोबांबद्दल मात्र सांगायलाच हवं. ते बसस्थानकावर घोषणा करायचे. कुठली गाडी कुठून सुटेल, ते सगळ्या गावाने वर्षानुवर्षं त्यांच्या तोंडून ऐकलेलं. निवृत्त झाले, दात गेले, आमच्या लॅबमधली नवी कवळी बसली आणि त्यांच्या 'स'ची शिट्टी व्हायला लागली. त्यांनी बोलणंच टाकलं. दर शनिवारी येऊन बसायचे, कवळी टेबलावर आपटायचे आणि हातानेच खुणा करायचे की, घासा, अजून घासा.

"कवळी चांगली आहे," दंतोपंत मला म्हणाला. "जिभेला अजून तिची सवय नाही. पण ते बोलतील तर सवय होणार ना?"

मी आजोबांसमोर स्टूल ओढून बसले. "आजोबा, सव्वासहाची गाडी सहा नंबरवरून सुटते का हो?"

त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा चुकीचं विचारलं — "सव्वासहाची सात नंबरवरून ना?" — तेव्हा मात्र त्यांच्यातला घोषणा करणारा माणूस गप्प बसू शकला नाही. शिट्टी वाजली, थुंकी उडाली, पण गाडी सहा नंबरवरूनच सुटली. मग आम्ही शनिवारभर गाड्या सोडल्या. सकाळची, संध्याकाळची, साधी, निमआराम. मी त्यांना आरसा धरून दाखवायची की जीभ कुठे लागतेय, स्वतः तोंड वेडंवाकडं करून दाखवायची. जबडे टेबलावर तसेच पडून राहायचे. एका शनिवारी आजोबांनी लॅबच्या फोनवरून आपल्या बहिणीला फोन लावला. पलीकडून ती म्हणाली, "अरे, किती दिवसांनी तुझा आवाज नीट ऐकला!" आजोबांनी फोन ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी रडले, काका रडले, दंतोपंत घाईघाईने पॉलिशच्या चाकाकडे गेला.

मी घरी जाहीर केलं, "मी दंततंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम करणार."

आई भाजी निवडत होती. "म्हणजे दात करणार? लोकांचे?"

"हो."

"बरं," आई म्हणाली. "आणि शनिवारी निघताना आरशासमोरून हलत नाहीस, ते दातांसाठी की दात करणाऱ्यासाठी?"

"आई!"

"मी आपलं विचारलं."

बाबा हसले नाहीत. त्यांनी पेपर खाली ठेवला. "तुला काहीतरी आवडलं, हेच खूप झालं गं," ते म्हणाले. "प्रवेशाला मी रजा काढून तुझ्याबरोबर येतो." त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी उतरलेली मला स्पष्ट दिसली. प्रवेशाची मुदत पुढच्या सोमवारी संपत होती.

दंतोपंतला मी नाचतच सांगितलं. तो मेण तापवत होता.

"मी हाच कोर्स घेतेय! दोन वर्षांनी या खिडकीशी माझं पण टेबल!"

मेण वितळून टेबलावर सांडलं.

"तुला आनंद नाही झाला?"

"झाला ना," तो म्हणाला आणि मेण खरवडत बसला. दिवसभर त्याने मान वर केली नाही. मी पण मग ओठ आवळून जबडे तासले. त्याच्या टेबलाशेजारी मी त्याला नको असेन, तर तसं सांगावं ना सरळ! घरी येऊन मी उशीत तोंड खुपसलं.

बुधवारी मॅडमनी बोलावून घेतलं. "प्रवेशाआधी आणखी एक कंटाळ्याचा दिवस करायचा. काम हेच, जागा दुसरी. नियम आहे."

जागा शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. मोठी लॅब, काचेच्या भिंती, स्वच्छ ट्यूबलाइट, रांगेने बसलेली माणसं, प्रत्येकाच्या तोंडाला मास्क, कानात इअरफोन. सगळे भले होते. मला जबडे दिले, चाकू दिला, शिकवलं. तिथे एकही पेशंट येत नव्हता. कुणी हसत नव्हतं, कुणाला हसवायचं नव्हतं. पहिल्या जबड्यानंतर मी घड्याळ बघितलं. दुसऱ्यानंतर बघितलं. मग जबडा बाजूला ठेवून घड्याळाकडेच बघत बसले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला कळून चुकलं होतं. हे काम मला आवडत नाही. कधी आवडलंच नव्हतं. आवडत होती फक्त ती खिडकी आणि तो जीभ बाहेर काढून बसलेला वेडा मुलगा.

बाबांचा रजेचा अर्ज गेला होता. आणि काम सोडायचं म्हणजे शनिवारही सुटणार होते.

मॅडमच्या खोलीत मी खुर्चीत बसले आणि एकदम रडायलाच लागले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. रडू ओसरल्यावर म्हणाल्या, "घड्याळाचं मी विचारत नाही. वेगळं विचारते. त्या छोट्या लॅबमध्ये इतके शनिवार तू नक्की केलंस काय?"

"जबडे तासले."

"आणखी?"

"आणखी काही नाही. गप्पा मारल्या. त्या आजोबांना बोलायला शिकवलं. एक आजी होत्या, त्यांना 'फ' म्हणता येत नव्हता, त्यांच्याबरोबर फुंकर घालायचे खेळ खेळले. एक बाई हसायला लाजायच्या..."

बोलता बोलता माझे डोळे कोरडे झाले होते. मी आजोबांच्या गाड्यांबद्दल सांगत सुटले. आरसा कसा धरला, जीभ कुठे अडत होती, बहीण फोनवर काय म्हणाली... मी थांबले तेव्हा मॅडमनी टेबलावर एक माहितीपत्रक ठेवलं. वाचा-उपचाराचा अभ्यासक्रम. ज्यांना बोलता येत नाही, अडखळतं, आजारपणात बोलणं गेलंय, त्यांना बोलतं करायचं काम.

"हे... हे काम असतं?" मी विचारलं. "याला काम म्हणतात?"

"म्हणतात. कंटाळ्याचे दिवस यातही पुष्कळ आहेत. पण तू ते बघून आलीस. दर शनिवारी एकच गाडी सोडत बसणं याहून कंटाळवाणं काय असतं?"

माझ्यात खोट नव्हती! मला जे आवडत होतं, ते मी गप्पा समजून सोडून देत होते. या अभ्यासक्रमाचं कॉलेज मात्र दुसऱ्या शहरात होतं. दोन वर्षं.

मी वाकून मॅडमना नमस्कार केला. "तुमचा तो दुसऱ्या दिवसाचा नियम नसता, तर मी चुकीच्या ठिकाणी जाऊन बसले असते."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "असा काही नियम नाहीये," त्या म्हणाल्या. "तो मुलगा आला होता माझ्याकडे. लॅबमधला."

"दंतोपंत?"

"तू बसली आहेस त्याच खुर्चीत बसला होता. म्हणाला, तिला हे काम जमत नाही. दर शनिवारी ती गेल्यावर मी तिचे सगळे जबडे नव्याने करतो. आधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ती यायची बंद झाली असती. पण आता ती यावर आयुष्य काढायला निघालीय. मी नको म्हणालो तर तिला वाटेल, मला तीच नकोय. तुम्ही तिला दुसरीकडे पाठवून बघा."

मी ग्लासातलं उरलेलं पाणी एका घोटात संपवलं.

"मी त्याला म्हणाले, अरे, मग ती तुझ्याकडे यायची थांबेल. तर म्हणाला, थांबू दे. आणि निघाला. दारातून परत आला आणि आजोबांचं सांगितलं. म्हणाला, ती माणसांना बोलतं करते ना, तेव्हा बघा तिच्याकडे एकदा." मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आता माझ्याकडे काय बघत बसलीस? जा की."

मी अक्षरशः पळत गेले. शनिवार नव्हता, त्यामुळे मला दारात बघून काका चकित झाले. दंतोपंत टेबलाशी उभा होता. एका हातात रबराचा वाडगा, दुसऱ्यात कालथा, वाडग्यात नुकतं कालवलेलं प्लास्टर.

"तू? आज?"

"मला तुझं काम आवडत नाही," मी धापा टाकत म्हणाले.

त्याने खाली बघितलं. "माहितीय."

"माझे जबडे टाकून द्यायचास!"

"टाकून नाही दिले," तो म्हणाला. "नवीन केले. तुझे आहेत सगळे... वरच्या फळीवर."

मी वर बघितलं. वाकडेतिकडे, चाकू लागलेले, कडा उडालेले माझे जबडे ओळीने मांडून ठेवलेले होते. भांडायला आलेल्या माणसाने अशा वेळी काय करावं?

"इतकं पुन्हा पुन्हा करत बसलास... एका शब्दाने बोलला नाहीस?"

"शनिवार हवे होते मला," तो म्हणाला. अगदी साधं, वेळ विचारल्यावर सांगावी तसं.

"मग मॅडमकडे कशाला गेलास? शनिवार जातील हे कळत नव्हतं?"

"कळत होतं." त्याने कालथा वाडग्यात फिरवला. "पण तू इथे कंटाळून जाशील आणि माझ्यासाठी म्हणून बसून राहशील, ते मला बघवलं नसतं. आजोबांसमोर बसतेस तेव्हा तू... तुला नाही माहीत तू कशी दिसतेस. ते सोडून तू माझ्या शेजारी प्लास्टर तासायचं? नाही. मला नाही चालणार."

आजवर मला पुष्कळ जणांनी पुष्कळ चांगलं दिलं आहे. पण मला हातातून जाऊ देऊन माझं भलं करायला निघालेला माणूस मी पहिल्यांदा बघत होते. मला त्याला केवढं तरी सांगायचं होतं. तोंडातून भलतंच निघालं.

"मला तू आवडतोस," मी म्हणाले. "काम नाही. तू. कामाशिवायसुद्धा. शनिवार नसला तरी."

त्याच्या हातातला कालथा थांबला होता.

"दंतोपंत, प्लास्टर!" काका आतून ओरडले. प्लास्टर कालवलं की लगेच ओतायचं असतं, नाहीतर वाडग्यातच दगड होतो. आजवर त्याने एकदाही तसं होऊ दिलं नव्हतं. आज झालं. त्याने कालथा ओढून बघितला, तो जागचा हलेना. मग तो सगळंच प्रकरण त्याने हळूच टेबलावर ठेवून दिलं.

"मलाही," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. सांगायचं कसं ते येत नव्हतं. ...तुझ्याकडे बोलायला शिकायला आलो असतो, तर चाललं असतं का?"

मला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. "मी शिकायला जातेय रे. दुसऱ्या शहरात, दोन वर्षं. बोलतं करायचं काम. त्यानंतर नोकरी कुठे मिळेल, तेही माहीत नाही. इथे मिळेलच असं नाही. मी काय म्हणू तुला... थांब म्हणू?"

"थांब नको म्हणूस."

मी एक पाऊल मागे सरले.

"मी थांबणार नाहीये," तो म्हणाला. त्याने एप्रनला हात पुसले आणि माझा हात हातात घेतला. "तू शीक मजेत. तुला जिथे काम करावंसं वाटेल ते गाव ठरव, आणि मला सांग. मी तिथे येईन."

"आणि मी इथे काय करू?" काका आतून ओरडले.

"तुम्हीही चला!"

"अरे पण... तुझं काम?" मी म्हणाले. "ही लॅब, ही खिडकी?"

"वेडी आहेस का?" तो म्हणाला. "दात काय, सगळ्या गावांत असतात."

भांडायला म्हणून धावत आलेली मी, त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडले. त्याच्या एप्रनवरचं सगळं प्लास्टर माझ्या गालाला लागलं. काकांनी मघाशी ओरडून झाल्यावर समजूतदारपणे पॉलिशचं चाक सुरू केलं होतं आणि पॉलिश करायला त्यांच्या हातात काहीही नव्हतं.